चकचकीत बाजू खाली

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. फक्त माझ्या कामाची नोंद राहावी म्हणून.

काम असं आहे. ताई या अठ्ठावीस तारखेला हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त होते. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये आजवरच्या सगळ्या मेट्रनचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो ओळीने लावलेत. ताईचा खिळा ठोकून तयार आहे. फोटो मी काढलाय. फिल्मवर, युनिफॉर्ममध्ये, खिडकीच्या उजेडात. स्टुडिओवाल्या काकांनी फिल्म धुऊन काडेपेटीएवढे प्रिंट दिले, त्यातला बाविसावा ताईने त्यातल्या त्यात बरा म्हणून निवडला. आता तो मोठा करायचा. डार्करूममध्ये, हाताने, मी.

ताईचं म्हणणं असं की आजवर एकाही फोटोत ती स्वतःला दिसलेली नाही. दर वेळी कोणीतरी दुसरीच बाई बघत असते. या खेपेला ती सापडली तर लावू, नाहीतर खिळा रिकामा राहू दे. हसत म्हणाली, पण तिला ते लागलेलं आहे. अडतीस वर्षं नोकरी केली आहे तिने. मी शब्द दिला. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, लहानपणी माझी सायकल दुरुस्त करून देतो म्हणूनही दिला होतास.

संकल्प: एक, ‘डार्करूम की डिजिटल’ हा प्रश्न या महिन्यात कायमचा निकालात काढणे आणि त्यावर तुलनात्मक निबंध लिहिणे. दोन, सौ.शी वाद न घालणे. तीन, पाठीचे व्यायाम.

२ फेब्रुवारी, दुपारी १.
सौ.शी वाद. विषय मागचं बाथरूम. गेले आठ महिने ते बाथरूम नसून डार्करूम आहे हे घरात फक्त मला मान्य आहे. सौ.ने वॉशिंग मशीन आणून ठेवलंय. ते खोक्यासकट हॉलमध्ये उभं आहे आणि पाहुण्यांना त्यावर चहा दिला जातो. शेवटी तह झाला. माझा प्रिंट हॉस्पिटलात लागला तर बाथरूम कायमचं माझं. नाही लागला तर मशीन आत, मी बाहेर. मी लगेच हो म्हटलं. बिचारीला कल्पना नाही.

व्यायाम उद्यापासून.

३ फेब्रुवारी, सोमवार.
ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला समजावून सांगितलं की डिजिटल प्रिंट म्हणजे कागदावर शाई शिंपडणं, आणि डार्करूम प्रिंट म्हणजे कागदाच्या आत चांदी उमलणं. त्याने इयरफोन घातले. विषय जड आहे, पचायला वेळ लागतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
ताईच्या सुनेचा फोन. ती आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. घरी स्कॅनर आहे आणि एक मोठा प्रिंटर, ज्यात म्हणे चार प्रकारची नुसती करडी शाई असते. तिने अदबीने विचारलं, मामा, निगेटिव्ह एक दिवस द्याल का, स्कॅन करून मीपण एक प्रिंट काढून ठेवते, असू दे हाताशी.

असू दे हाताशी! मी आधी नाही म्हणणार होतो. मग विचार केला, तुलनात्मक निबंधात तुलनेला कोणीतरी लागतंच. दिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
निगेटिव्ह परत आली, नव्या पारदर्शक पाकिटात. सून म्हणाली, मामा, धूळ बरीच होती, पुसली. धूळ हा डार्करूमचा स्वभाव आहे. तिला ते कसं कळणार.

८ फेब्रुवारी, शनिवार.
स्टुडिओवाल्या काकांकडे कागद आणायला गेलो. निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर, तेही मी त्यांच्याकडूनच घेतलेलं. त्यांनी न विचारता परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: निगेटिव्ह घालताना इमल्शनची बाजू खाली, म्हणजे ज्या थरात चांदी आहे तो थर कागदाकडे, नाहीतर चित्राचं डावं-उजवं उलटं होतं. मी मान डोलावली. मला हे आठ महिन्यांपासून पाठ आहे. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मळकट. चांदी चमकते. म्हणजे चकचकीत बाजू चांदीची. ती खाली. काका काहीतरी पुढे सांगत होते, पण मला घाई होती.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७ ते दुपारी २.
पहिलं सत्र. खिडकीला घोंगडी, दाराखाली टॉवेल, लाल दिवा, कमोडवर फळी, फळीवर तीन ट्रे. पहिल्यात चित्र उमटवणारा डेव्हलपर, दुसऱ्यात ते उमटणं थांबवणारं ॲसिडचं पाणी, तिसऱ्यात चित्र पक्कं करणारा फिक्सर. वातावरण गंभीर.

पहिला प्रिंट: पूर्ण काळा. दुसरा: पूर्ण पांढरा. तिसऱ्यात ताई यायला लागली. डोळे, कपाळ, मग सौ.ने बादली हवी म्हणून दार उघडलं. ताई काळी पडली. मी सौ.ला काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण वाद म्हणता येणार नाही इतकं थोडं.

कागद आठ गेले. तुलनेसाठी नोंद: डिजिटलवाल्याला काम करताना दिवे लावता येतात, बसता येतं, चहा पिता येतो. मला उभं राहावं लागतं, श्वास कोंडतो, पाठ जाते. कष्ट: डार्करूम दहा, डिजिटल शून्य. कष्ट जास्त तर गुण जास्त. हा नियम मीच ठरवला, पण कोणीही निष्पक्ष माणूस हाच ठरवील.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
ऑफिसला पोटदुखी कळवली. दुसरं सत्र. आज सगळं जमलं होतं. फक्त फिक्सर समजून प्रिंट डेव्हलपरमध्ये परत घातला. ट्रे सारख्या रंगाचे आहेत ही कंपनीची चूक. मग पोट खरंच दुखलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
सुनेने तिचा प्रिंट पाठवला. माझ्या घरी! म्हणे, मामा, तुमचं मत हवंय.

प्रामाणिकपणे लिहितो, कारण हे मी एकटाच वाचणार. चांगला आहे. युनिफॉर्मच्या पांढऱ्यात घड्या दिसतात. केसांच्या काळ्यात केस दिसतात. छातीवरच्या बिल्ल्यावर ताईचं नाव आणि हुद्दा स्वच्छ वाचता येतो. एकही डाग नाही. हाच दोष. इतकं स्वच्छ काही असतं का जगात? आत्मा नाही. सौ.ला म्हटलं, बघ, आत्मा दिसतोय का? सौ. म्हणाली, वन्संच्या गालावरची खळी दिसतेय. मी म्हटलं, खळी म्हणजे आत्मा नव्हे. त्यावर तिने मशीनच्या खोक्यावरचा चहाचा डाग पुसला, जरा जास्तच मन लावून.

सुनेला मत कळवलं: प्रयत्न स्तुत्य.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.
झाला. सव्विसाव्या कागदावर झाला. ताई आहे, खळी आहे, खिडकीचा उजेड आहे. फिक्सरमधून काढून पाण्यात धरला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, थोडं वाफेने, बाकीचं खरं.

एक अडचण होती. बिल्ल्यावरची अक्षरं. ती कुठल्यातरी अनोळखी लिपीतली वाटत होती. लेन्स जुनी आहे, कडेला असं होत असणार. पण बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जाऊन चेहऱ्यावरून उडालं असतं. म्हणून पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि त्यातून फक्त बिल्ल्यावर जास्तीचा उजेड दिला. बिल्ला काळा झाला. मग तो काळा डाग एकटा पडला, म्हणून खांद्याकडचा भागही जरा काळा केला. कलात्मक निर्णय. डिजिटलमध्ये असा निर्णय घेता येत नाही, किंवा येत असेल, पण त्यात धडधड नाही.

सहज शेजारी सुनेचा प्रिंट ठेवला. तिच्या फोटोत बिल्ला उजव्या कडेला आहे, माझ्यात डाव्या. भांगही तिकडचा इकडे. म्हणजे स्कॅनरने फोटो उलटा केला! आणि वर अक्षरं तेवढी सरळ करून घेतली. सॉफ्टवेअर काय वाट्टेल ते करतं. वाईट वाटलं तिच्यासाठी. एवढ्यात बोलायचं नाही. निबंधात सौम्य शब्दांत लिहीन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
प्रिंट वाळून पापडासारखा वळला. चपटा करायला जड काहीतरी हवं होतं. घरात सगळ्यात जड वॉशिंग मशीन. सौ.ने खोकं उचलायला हात लावला आणि बाथरूमच्या दाराकडे बघितलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
निकाल.

ताईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर दोन्ही प्रिंट. मी अट घातली की कोणता कोणाचा ते सांगायचं नाही. सून हसली आणि हो म्हणाली. ताई हात धुऊन, चष्मा पुसून आली. अडतीस वर्षं रुग्णांचे तक्ते वाचलेत, दोन मिनिटांत वाचेल असं वाटलं होतं. तिने खूप वेळ घेतला. आधी सुनेचा उचलला, चांगला आहे म्हणाली आणि ठेवला. मग माझा उचलला आणि दिव्याखाली नेला. नंतर इतकंच म्हणाली, अगं, ही मी. ही खरंच मी आहे.

मग रडली. ताई. जिने आई गेली तेव्हा आम्हा सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, ती. मीही थोडा.

ताईने विचारलं, हे कसं जमलं रे तुला? मी म्हटलं, चांदी. सून माझ्या प्रिंटकडे वाकून बघत होती, बिल्ल्यापाशी. हरलेल्या माणसाची अवस्था मला समजते.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.
झोप लागली नाही, आनंदाने. निबंधाचा मुख्य सिद्धांत सुचला: कॅमेरा माणसाचा चेहरा बघतो, स्कॅनर त्याची माहिती बघतो, आणि चांदी माणसाला त्याच्या स्वतःच्या नजरेने बघते. कोणाही स्त्रीला, बहिणीला, मेट्रनला विचारा. डिजिटल चारी मुंड्या चीत. सौ.ला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाथरूम तुमचं, झोपू दे.

दुपारी घोंगडीला पक्के हुक ठोकले. दारावर पाटी लावली: परवानगीशिवाय आत येऊ नये. पाठीचे व्यायाम उद्यापासून नक्की.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३, ऑफिसात.
सुनेचा फोन. म्हणाली, मामा, रागावणार नसाल तर एक सांगू का. मी म्हटलं, सांग, मोठ्या मनाने हरणंही शिकावं लागतं. ती म्हणाली, निगेटिव्ह उलटी बसली होती तुमची. आईंचा बिल्ला डाव्या खांद्याखाली असतो. फोटोत तो आपल्या उजव्या हाताला यायला हवा. तुमच्यात डाव्या हाताला आलाय.

मी म्हटलं, तुझा स्कॅनर उलटा आहे. ती म्हणाली, असेल मामा, पण मग नाव कसं वाचता येतं. मी म्हटलं, मीटिंग आहे.

मीटिंग नव्हती.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.
घरी येऊन गेल्या आठ महिन्यांतले सगळे प्रिंट काढले. समोरच्या इमारतीचा जिना. खिडकीतून बघितलं. जिना उजवीकडे. प्रिंटमध्ये डावीकडे. माझी चहाची कपबशी, कान डावीकडे. मी कप उजव्या हाताने धरतो. सौ.चा फोटो, मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताला. तिने तेव्हाच म्हटलं होतं की काहीतरी वेगळं वाटतंय. मी म्हटलं होतं, ती चांदीची जादू.

काकांना फोन केला. सहज म्हणून विचारलं, इमल्शनची बाजू कुठली हो? काका म्हणाले, मळकट. आणि सांगितलं होतं, म्हणाले.

पण एक प्रश्न उरतोच. ताई रडली ते का? सौ.ने भाजी निवडता निवडता सांगितलं. वन्संनी अडतीस वर्षं रोज सकाळी हॉस्पिटलातल्या बेसिनच्या आरशात बघून केस बांधले. त्यांना त्यांचा चेहरा तसाच ठाऊक आहे. बाकी सगळे फोटो लोकांना दिसते तशी ताई दाखवतात. तुमच्या फोटोत पहिल्यांदा आरशातली आली.

म्हणजे चांदीचा काही संबंध नाही. हे वाक्य निबंधात घेणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
विचारांती भूमिका ठरली: मी निगेटिव्ह उलटी घातली, ती जाणूनबुजून. ताईचा आरशाशी असलेला अडतीस वर्षांचा संबंध मी आधीच हेरला होता. खोटं आहे असं मला वाटत नाही. मनात खोल कुठेतरी हेरलं असणारच.

संध्याकाळी ताईने बोलावलं. टेबलावर माझा प्रिंट आणि सुनेचा नवीन प्रिंट. सुनेने तिचा फोटो कॉम्प्युटरवर उलटा केला होता. एक बटण. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाली, मामा, चार-पाच सेकंद. बिल्ल्याची अक्षरं तेवढी वेगळी सरळ करून बसवली होती, त्याला दहा मिनिटं. आरशातली ताई, आणि नाव वाचता येतंय, आणि खांद्यावर काजळी नाही. मी सव्वीस कागद, दोन आठवडे आणि एक पोटदुखी वापरली होती.

सून चहा करायला आत गेली. तेव्हा ताई म्हणाली, तुझाच लावते. काळा बिल्ला तर काळा बिल्ला, कोणी विचारलं तर मी नाव सांगीन. मला पहिल्यांदा मी त्यात दिसले. फक्त तू मला एकदा सांग की चुकून उलटी बसली. एवढंच. लहानपणापासून तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय.

मी बोललो. आधी आरसा आणि ओळख यावर. मग कलेतला योगायोग हा योगायोग नसतो यावर. मग फिल्मच्या बाजू ठरवणाऱ्या कंपन्यांच्या बेजबाबदारपणावर. ताईने सगळं ऐकून घेतलं. रुग्णाचं ऐकते तसं, मधे न बोलता. माझं झाल्यावर तिने सुनेचा प्रिंट उचलला आणि पाकिटात घातला. मग चहा आला.

२५ फेब्रुवारी, रात्री ९.
ती विचार बदलेल. मी तिला ओळखतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
समारंभ. कॉरिडॉरमध्ये नर्स, डॉक्टर, वॉर्डमधले लोक, दोन बरे झालेले रुग्णही आले होते. फोटोवरचा कागद काढला. सुनेचा. ताईने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे मी तिच्याकडे बघितलं नाही. भाषणात ती म्हणाली, फोटो माझ्या भावाने काढला आणि माझ्या सुनेने छापला. टाळ्या वाजल्या, माझ्याही वाट्याला. एक तरुण नर्स म्हणाली, मॅडम, अगदी तुम्हीच. ताई फोटोकडे बघून हसली. खरं हसली.

मला वाईट वाटलं. निबंधातलं नाही, साधं वाईट.

२ मार्च, रविवार. सकाळी ११.
बाथरूम रिकामं केलं. ट्रे, लाल दिवा, घोंगडी, पाटी. हुक भिंतीतून निघेनात, राहू दिले. सौ. एकदाही ‘बघा’ म्हणाली नाही. नळजोडणीवाल्याने मशीन आत नेलं आणि पहिल्या फेरीत सौ.ने माझेच फिक्सरचे डाग पडलेले तीन शर्ट घातले.

मशीन फिरत असताना ताईला फोन केला. आधी हवापाण्याचं बोललो, मग तिच्या गुडघ्याचं. मग म्हटलं, ताई, निगेटिव्ह चुकून उलटी बसली होती. मला बाजू कळतच नव्हती, आठ महिने.

तिकडे तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, बरं वाटलं रे, सांगितलंस. आवाज बदललेला होता तिचा. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

मी विचारलं, मग आता फोटो बदलता येईल का?

ताई म्हणाली, जेवायला ये पुढच्या रविवारी. आणि फोन ठेवला.